हेक्टर, एकर, आर, टाकी, बॅग, खंडी: गुणायचं कुठं अन् भागायचं कुठं?

धुऱ्यावरचा
सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, खताची शिफारस हेक्टरी, कृषी केंद्रवाला एकरी बोलतो, औषधाच्या लेबलवर मिली प्रति हेक्टर आणि प्रत्यक्ष फवारणी टाकीच्या हिशेबानं. मोबाइलवरचं अ‍ॅप रूपांतर करून देतं, पण त्यात कोणता आकडा टाकायचा हे सांगत नाही. एक ठोस उदाहरण देतो, जाणकारांनी सोडवून दाखवावं.

सातबारा: लागवडीयोग्य १.५७.००, पोटखराबा ०.०५.००, एकूण १.६२.००
पीक: कोरडवाहू बीटी कपाशी, शिफारस ६०:३०:३० किलो प्रति हेक्टर
फवारणी: इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल (पाण्यात विरघळणारं द्रवरूप कीटकनाशक), लेबलवर १०० मिली प्रति हेक्टर, पाणी ५०० लिटर, टाकी १५ लिटरची

युरिया किती बॅग? टाकीला औषध किती?

मोजणीदार
आधी क्षेत्र निस्तरू, कारण पुढचे सगळे आकडे त्याच्यावर उभे आहेत.

सातबारावरचे तीन आकडे म्हणजे हेक्टर, आर, चौरस मीटर. १.५७.०० म्हणजे १ हेक्टर ५७ आर ० चौरस मीटर. १ हेक्टर = १०० आर = १०,००० चौ.मी. पोटखराबा ०.०५ म्हणजे ५ आर, ५० आर नव्हे. हा घोळ दर दुसऱ्या अर्जात दिसतो.

१ एकर = ४०४६.८६ चौ.मी. = ४३,५६० चौ.फूट = ४० गुंठे
१ गुंठा = ३३ फूट × ३३ फूट = १०८९ चौ.फूट = १०१.१७ चौ.मी.
१ हेक्टर = २.४७१ एकर

आता तुमचं वावर:
एकूण १.६२ × २.४७१ = ४.००३, दोन दशांशापर्यंत ४.०० एकर धरा.
लागवडीचं १.५७ × २.४७१ = ३.८८ एकर. पूर्णांक ३, उरलेल्या ०.८८ ला ४० नं गुणलं की ३५ गुंठे.

गावात हे वावर 'चार एकर' म्हणूनच ओळखलं जाणार. पण खत, बियाणं, औषध ३ एकर ३५ गुंठ्यांना लागेल. पोटखराब्यात युरिया फेकून काही उगवत नाही.

गुणायचं की भागायचं हे पाठ करूच नका. एकक आकड्याशेजारी लिहा आणि वर-खाली खोडा:

१.५७ हेक्टर × (२.४७१ एकर ÷ १ हेक्टर)

वरचा हेक्टर खालच्या हेक्टरनं कटला, एकर उरला, म्हणजे मांडणी बरोबर. चुकून भागलं असतं तर हेक्टरचा वर्ग होऊन एकर खाली गेला असता. असं उत्तर दिसलं की मांडणी उलटी झाली, एवढं तिथंच कळतं.

तिफण
अडीचनं गुणलं तर काय बिघडते? आमच्याकडं सगळे तेच करतात.

मोजणीदार
खतासाठी काही बिघडत नाही. २.५ आणि २.४७१ मधला फरक सव्वा टक्क्याच्या आत आहे, हातानं फेकताना याहून जास्त कमी-अधिक होतं. खरेदीखताला (जमीन विकत घेण्याच्या दस्ताला) मात्र चालणार नाही. ४ हेक्टरचे अडीचनं १० एकर होतात, खरे ९.८८ एकर. फरक साडेचार गुंठ्यांच्या वर. गुंठ्याचा भाव लावून पाहा.

तसंच आर म्हणजे गुंठा नव्हे. आर १०० चौ.मी., गुंठा १०१.१७. पाच-दहा आरांत फरक जाणवत नाही, पण हेक्टरभरात ९८.८४ गुंठेच भरतात, १०० नाही.

धानपट्टा
जुन्या कागदांचं एक राहिलं. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर) हा मध्यप्रांताचा भाग, तिथल्या जुन्या नोंदी साधारणपणे एकर आणि डिसमिलमध्ये (एकराचा शंभरावा भाग, ४३५.६ चौ.फूट). वऱ्हाडात मुंबई पद्धतीची मोजणी, म्हणून एकर-गुंठे. दोन्हीकडं लिहायची तऱ्हा एकच: ३.२०.

एकर-गुंठे धरले तर ३.२० = ३ एकर २० गुंठे = ३.५ एकर = १.४१६ हेक्टर.
डिसमिल धरले तर ३.२० = ३ एकर ८ गुंठे = १.२९५ हेक्टर.

मधे १२ गुंठे. वाटणीच्या भांडणांत हे १२ गुंठे कुणी दाबले म्हणून आरडाओरड होते, आणि कित्येकदा कुणीच दाबलेले नसतात.

ओळखायचं कसं: त्याच कागदावरचे बाकीचे आकडे पाहा. टिंबानंतर कुठंही ४० किंवा त्याहून मोठा आकडा आला (२.६५, १.८०) तर ते गुंठे असूच शकत नाहीत. असा आकडा नसेल तर बेरीज करून पाहा. ४० झाल्यावर हातचा धरला असेल तर गुंठे, १०० झाल्यावर धरला असेल तर डिसमिल.

तिफण
बेरजेवरून ओळखायचं हे लय कामाचं हाय भाऊ.

पऱ्हाटी
खताचं मी मांडतो. इथं दोन वेगवेगळे गुणक लागतात आणि लोक त्यातला एक गाळतात. पहिला क्षेत्राचा, दुसरा खतात अन्नद्रव्य किती याचा. ६०:३०:३० हे नत्र, स्फुरद, पालाशचे किलो आहेत, युरिया-डीएपीचे नव्हेत.

लागणारं अन्नद्रव्य (थेट हेक्टरात करा, एकरात जायची गरजच नाही):
नत्र १.५७ × ६० = ९४.२ किलो
स्फुरद १.५७ × ३० = ४७.१ किलो
पालाश तेवढंच, ४७.१ किलो

आता खतं. युरियात नत्र ४६ टक्के. डीएपीत नत्र १८, स्फुरद ४६. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६०.

डीएपीनं करायचं तर स्फुरदापासून सुरुवात करा, कारण डीएपीसोबत नत्र आपोआप येतं:
४७.१ किलो स्फुरद × (१०० किलो डीएपी ÷ ४६ किलो स्फुरद) = १०२ किलो डीएपी. ५० किलोच्या २ बॅगा पुरे.
२ बॅगांतून नत्र मिळालं १८ किलो. उरलं ९४.२ − १८ = ७६.२ किलो.
७६.२ × (१०० ÷ ४६) = १६६ किलो युरिया.

इथं बॅग मोजताना फसगत होते. युरियाची बॅग २०१८ पासून ४५ किलोची आहे, डीएपीची ५० चीच आहे. १६६ ÷ ४५ = ३.७ बॅगा. जुन्या सवयीनं ५० नं भागलं तर ३.३ येतात आणि प्रत्यक्षात साडेसोळा किलो युरिया कमी पडतो, म्हणजे साडेसात किलो नत्र.

पोटॅश: ४७.१ × (१०० ÷ ६०) = ७८.५ किलो. ३० किलो पालाश म्हणजे बरोबर ५० किलो पोटॅश, म्हणून हेक्टरी एक बॅग. तुमच्या १.५७ हेक्टरला १.५७ बॅग, कागद-पेन्सिल न घेता.

युरिया एकदम टाकू नका, हप्ते पाडा. स्फुरद-पालाश मात्र पेरणीसोबतच.

धुऱ्यावरचा
डीएपी वेळेवर मिळालं नाही तर? सुपर फॉस्फेट किंवा १०:२६:२६?

पऱ्हाटी
सुपर: ४७.१ ÷ ०.१६ = २९४ किलो, म्हणजे सहा बॅगा. यातून नत्र शून्य, म्हणून सगळं नत्र युरियातून: ९४.२ ÷ ०.४६ = २०५ किलो, साडेचार बॅगा. ओझं जास्त, पण गंधक ११ टक्के सोबत येतं, ते ३२ किलोच्या आसपास भरतं. कपाशीपेक्षा सोयाबीनला त्याचा जास्त उपयोग.

१०:२६:२६: ४७.१ ÷ ०.२६ = १८१ किलो, ३.६ बॅगा. शिफारशीत स्फुरद आणि पालाश सारखे, खतातही सारखे, म्हणून वेगळं पोटॅश लागत नाही. नत्र १८ किलो मिळतं, उरलेल्यासाठी १६५ किलो युरिया.

माती परीक्षणाच्या अहवालाबद्दल एक सूचना. बॅगेवरचं स्फुरद म्हणजे पी-टू-ओ-फाइव्ह, पालाश म्हणजे के-टू-ओ. काही प्रयोगशाळा नुसता पी आणि के लिहितात. नुसत्या पीला २.२९ नं गुणलं की पी-टू-ओ-फाइव्ह, नुसत्या केला १.२ नं गुणलं की के-टू-ओ. हे न पाहता दोन अहवाल शेजारी ठेवले तर एकाच वावरात स्फुरद निम्म्याहून खाली गेलं असं वाटतं.

गुलाबी बोंड
आता फवारणी. आधी टक्का कशाचा ते समजून घ्या. इमिडाक्लोप्रिडच्या बाटलीवर १७.८ टक्के लिहिलंय ते वजनाचं, १०० ग्रॅम द्रावणात १७.८ ग्रॅम. आपण मोजतो मिलीत. हे द्रावण पाण्याहून जड असल्यानं एका लिटरमध्ये २०० ग्रॅम सक्रिय घटक बसतो. म्हणून १०० मिली = २० ग्रॅम सक्रिय घटक. कुणी १०० × ०.१७८ करून १७.८ ग्रॅम काढलं तर मिली आणि ग्रॅम एकच धरल्यामुळं ते चुकलं.

तुमचं क्षेत्र १.५७ हेक्टर, औषध १५७ मिली.
पाणी १.५७ × ५०० = ७८५ लिटर. १५ लिटरच्या ५२ टाक्या.
१५७ ÷ ५२ = टाकीला ३ मिली. टाकी १६ लिटरची असेल तर ३.२.

३ मिली बाटलीच्या झाकणानं मोजता येत नाही. झाकणं कंपनीगणिक वेगळी. १० मिलीची सिरिंज किंवा मापाचा नळा घ्या.

तिफण
पेट्रोलवरच्या फवारणी पंपानं फवारलं तर ५२ टाक्या कुठं लागतात? वीस-बावीसमधे वावर उरकते. मग टाकीला किती टाकाव?

गुलाबी बोंड
सगळ्यात मोठी गफलत इथंच होते, म्हणून थोडं लांबवतो.

लेबलची मात्रा क्षेत्राला बांधलेली आहे, टाकीला नाही. १.५७ हेक्टरला १५७ मिली, पंप कोणताही असो. २१ टाक्यांत वावर झालं तर टाकीला १५७ ÷ २१ = ७.५ मिली. तुम्ही ३ मिलीच टाकत राहिलात तर वावराला गेलं ६३ मिली. कीड मरत नाही, मग औषध बोगस म्हणून दुसरं आणलं जातं, त्यात तिसरं मिसळलं जातं. उलट बाजूनं, पेट्रोल पंपाचं ७.५ मिलीचं माप हातपंपाला लावलं तर ५२ टाक्यांत ३९० मिली, अडीच पट.

पण पाणी कमी केलं की द्रावण दाट होतं आणि फवारणाऱ्याच्या अंगावर येणारा प्रत्येक थेंबही तेवढाच दाट. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते विसरण्यासारखं नाही. लेबलवर पाण्याचा आकडा उगाच छापलेला नसतो, त्याच्या फार खाली जाऊ नये. पऱ्हाटी (कपाशीचं झाड) डोक्याच्या वर गेली असेल तर आणखी सांभाळून.

आपल्या चालीनं हेक्टरी किती पाणी पडतं ते मोजायची रीत:

लिटर प्रति हेक्टर = (नोझलचं लिटर प्रति मिनिट × ६००) ÷ (चाल किमी प्रति तास × पट्ट्याची रुंदी मीटर)

नोझल एका मिनिटाला ०.६ लिटर सोडतं, चाल ताशी ३ किमी, पट्टा ०.९ मीटर: ०.६ × ६०० ÷ २.७ = १३३ लिटर प्रति हेक्टर. म्हणजे एका फेरीत ५०० लिटर पडतच नाही. नोझल मोठं घ्या, चाल कमी करा किंवा ओळीच्या दोन्ही बाजूंनी फवारा.

धुऱ्यावरचा
हे ६०० कुठून आलं?

गुलाबी बोंड
एककांच्या खोडाखोडीतून. हेक्टरचे १०,००० चौ.मी. वर. खाली ताशी १ किमी म्हणजे मिनिटाला १००० ÷ ६० मीटर. १०,००० ÷ (१००० ÷ ६०) = ६००. पट्टा फुटांत मोजला तर हा ६०० लागू नाही, आधी फुटाला ०.३०४८ नं गुणून मीटर करा.

मोजणीदार
फुटांवरून आठवलं. १ मीटर = ३.२८ फूट, पण १ चौ.मी. = १०.७६ चौ.फूट आणि १ घनमीटर = ३५.३१ घनफूट. लांबीचा गुणक क्षेत्रफळाला दोनदा आणि घनफळाला तीनदा लागतो. शेततळ्याच्या अंदाजपत्रकात ही चूक झाली की पाणी थेट तीन-दहा पट इकडंतिकडं होतं.

पाटकरी
शेततळ्याचा विषय निघालाच आहे तर ३० × ३० × ३ मीटरचं करून टाकू. सरळ गुणाकार २७०० घनमीटर. तेवढं पाणी मावत नाही, कारण कडा उतरत्या असतात. १:१ उतार धरला तर तळ २४ × २४ चा.

घनफळ = (खोली ÷ ३) × (वरचं क्षेत्र + तळाचं क्षेत्र + दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ)
= १ × (९०० + ५७६ + ७२०) = २१९६ घनमीटर = २१ लाख ९६ हजार लिटर.

काळ्या भुसभुशीत मातीत १:१ कडा ढासळतात. दीडास एक ठेवला तर तळ २१ × २१ आणि पाणी १९७१ घनमीटर.

पावसाचं गणित सगळ्यात सोपं. १ मिमी पाऊस १ चौ.मी.वर म्हणजे १ लिटर. हेक्टरवर १०,००० लिटर, एकरवर ४०४७ लिटर. अतिवृष्टीच्या ६५ मिमीत एकरावर २ लाख ६३ हजार लिटर पडतात. ते सगळं तळ्यात येत नाही, बरंचसं जमीन पिते.

उलट हिशेब: हरभऱ्याला ५० मिमीचं एक संरक्षित पाणी एकरी २०२ घनमीटर. २१९६ ÷ २०२ = १०.९ एकर, तेही बाष्पीभवन आणि पाझर न धरता.

तिफण
अन् ५ एचपीच्या मोटरीनं ते ५० मिमी द्याले किती घंटे लागन?

पाटकरी
१ एचपी = ०.७४६ किलोवॅट. ५ एचपी = ३.७३ किलोवॅट, आणि हे मोटरच्या दांड्यावर मिळणारं. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के, पाणी उचलायची एकूण उंची ३० मीटर धरली तर:

३.७३ × ०.५ ÷ (९.८१ × ३०) = ०.००६३ घनमीटर प्रति सेकंद = ६.३ लिटर प्रति सेकंद = तासाला २२.८ घनमीटर.

२०२ ÷ २२.८ = एकरी सुमारे ९ तास. मोटर तारेतून जास्त ओढते, ८० टक्के कार्यक्षमतेनं ४.६६ किलोवॅट, म्हणून ९ तासांचे ४२ युनिट.

कागदावरच्या ६.३ वर विसंबू नका. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा आणि सेकंद मोजा. ३२ सेकंदांत भरला तर ६.२५ लिटर, हिशेब जुळला. ५० सेकंद लागले तर ४ लिटर, आणि पाळी चौदा तासांवर गेली. फुटव्हॉल्व्ह, इम्पेलर, व्होल्टेज पाहा.

ड्रिपवाल्यांसाठी: १ किलो प्रति चौ.सेमी दाब = १० मीटर पाण्याची उंची = १४.२ पीएसआय. मीटरऐवजी फूट धरून पंप निवडला की शेवटच्या नळीला थेंब येत नाही.

धरणाच्या बातम्यांतला १ टीएमसी (अब्ज घनफूट) = २८.३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर). गोसेखुर्दची एकूण क्षमता ११४६ दलघमी, म्हणजे ४०.५ टीएमसी. १ क्युसेक (सेकंदाला १ घनफूट) = सेकंदाला २८.३२ लिटर. आकडा तोच, कारण दोन्हीत घनफूटच आहे.

जिनिंगवाला
कापसाचं कुणी काढलंच नाही. बातमीत भाव खंडीचा, बाजारात क्विंटलचा, आणि दोन्ही वेगळ्या मालाचे. खंडी रुईची (सरकी काढलेल्या कापसाची), क्विंटल सरकीसकट कापसाचा.

१ खंडी = ७८४ पौंड = ३५५.६ किलो रुई. १ गाठ = १७० किलो रुई.
रुईचा उतारा (कापसातून निघणारी रुई) ३४ टक्के धरला तर क्विंटलभर कापसात ३४ किलो रुई. एका गाठीला ५ क्विंटल, एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस.

समजा खंडी ५५,००० रुपये आणि सरकी ३५ रुपये किलो:
रुई ५५,००० ÷ ३५५.६ = १५४.७ रुपये किलो. × ३४ = ५२५८
घट २ टक्के, सरकी ६४ किलो × ३५ = २२४०
एकूण ७४९८ रुपये क्विंटल. यातून जिनिंग-प्रेसिंग, वाहतूक, व्याज, नफा वजा जातो.

उतारा ३४ चा ३६ झाला तर रुई २ किलो वाढते, सरकी २ किलो घटते: ३०९ − ७० = क्विंटलमागे सुमारे २४० रुपये. सगळे भावावर बोलतात, उताऱ्यावर कुणी बोलत नाही.

विदेशी भाव सेंट प्रति पौंडात असतो: सेंट × डॉलरचा दर × ७.८४ = रुपये प्रति खंडी. समजा ६८ सेंट, डॉलर ८५ रुपये: ४५,३१५.

धानपट्टा
आमच्याकडची धानाची खंडी याच्यात घुसवू नका. ती मापाची आहे, वजनाची नाही, आणि गावागणिक पायलीही बदलते. बारीक आणि ठोकळ धान एकाच मापात वेगळं वजन देतं. पोत्यागणिक काट्यावर घालून किलोतच बोला.

धुऱ्यावरचा
ओलाव्याची कपात कशी तपासायची? सोयाबीन १६ टक्के ओलाव्याची, खरेदी १२ वर. १०० किलोला ४ किलो कापायचे ना?

पऱ्हाटी
नाही. कोरडा भाग तोच राहतो, त्यावरून काढा. १०० किलोत कोरडा माल ८४ किलो. १२ टक्के ओलाव्याला हा ८४ किलो म्हणजे एकूण वजनाच्या ८८ टक्के.

८४ ÷ ०.८८ = ९५.४५ किलो. घट ४.५५ किलो.

वाळवून नेलं तरी एवढंच वजन कमी भरेल. कुणी १६ ला सरसकट ६-७ किलो कापत असेल तर जास्तीचं कशापोटी ते विचारा. कचरा-माती असेल तर ती कपात वेगळ्या ओळीत लिहून घ्या.

तिफण
सोयाबीनचं बियाणं बी सांगून टाका. हेक्टरी ७५ किलो म्हणते.

पऱ्हाटी
७५ किलो/हेक्टर × (१ हेक्टर ÷ २.४७१ एकर) = ३०.४ किलो एकरी. हे उगवण ७० टक्के धरून आहे. गोणपाटावर शंभर दाणे ठेवून ६० च उगवले तर ३०.४ × ७० ÷ ६० = ३५.५ किलो. ५० च्या खाली आली तर गुणाकार करत बसू नका, बियाणं बदला.